क्रीडासाहित्य विक्रेत्यांचे परतीचे नियम : दुकानाची सवलत आणि ग्राहकाचा हक्क

बीजसंज्ञा : क्रीडासाहित्य, परतीचे नियम, दोष, अनुचित व्यापारी प्रथा, ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९

प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांत गेल्या दोन-अडीच दशकांत क्रीडासाहित्याच्या खरेदीचे स्वरूप पूर्णतः पालटले आहे. पूर्वी ओळखीच्या दुकानातून बूट किंवा बॅट घेतली जाई व काही बिघडल्यास दुकानदाराशी तोंडी बोलून मार्ग काढला जाई. आज अंधेरी, मालाड, घाटकोपर येथील मॉलमधील मोठ्या दालनांतून खरेदी होते. तेथे विक्रेता बदलत राहतो आणि ग्राहक व दुकान यांतील सारा व्यवहार पावतीवर छापलेल्या चार-पाच ओळींवर येऊन थांबतो. या ओळी म्हणजेच परतीचे नियम होत.

गतवर्षी आमच्या महाविद्यालयाच्या धावण्याच्या संघातील एका विद्यार्थिनीने उपनगरातील एका दुकानातून सेलमध्ये धावण्याचे बूट घेतले. बाराव्या दिवशी उजव्या बुटाचा तळ पुढच्या बाजूने सुटला. दुकानात गेल्यावर तिला पावतीमागील दोन ओळी दाखविण्यात आल्या : बदल केवळ सात दिवसांत करून मिळेल, सेलमधील माल परत घेतला जाणार नाही. ती निमूटपणे परतली आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मैत्रिणीचे एक क्रमांक मोठे बूट घालून धावली. त्या दोन ओळी म्हणजेच कायदा, असा तिचा समज होता. वाणिज्य शाखेच्या तृतीय वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थिनीचा हा समज असावा, ही बाब अध्यापक म्हणून विचार करावयास लावणारी आहे. परतीचे नियम कसे वाचावेत, त्यांचा कायद्याशी संबंध कोणता आणि त्यांची मर्यादा कोठे संपते, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

परतीच्या नियमांतील दोन भिन्न बाबी

ग्राहक वस्तू परत करावयास जातो तेव्हा त्यामागे दोनपैकी एक कारण असते. पहिले कारण म्हणजे मनपरिवर्तन : रंग आवडला नाही, माप चुकले, तीच वस्तू अन्यत्र स्वस्त मिळाली. दुसरे कारण म्हणजे दोष : शिवण उसवली, तळ सुटला, जलरोधक म्हणून विकलेल्या जाकिटातून पाणी झिरपले. पावतीवरील नियम या दोहोंमध्ये बहुधा भेद करीत नाहीत. ‘सात दिवसांत बदल’ हे वाक्य दोन्ही प्रकारांना सरसकट लावले जाते आणि सर्व गैरसमजांचे मूळ येथेच आहे.

भारतात दुकानातून प्रत्यक्ष पाहून घेतलेली निर्दोष वस्तू केवळ मन बदलले म्हणून परत करण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क ग्राहकास नाही. दुकान अशी वस्तू बदलून देत असेल तर ती त्याने स्वेच्छेने दिलेली सवलत होय. सवलतीला अटी घालण्याचा अधिकार देणाऱ्याला असतो. म्हणून टॅग कायम असावा, वस्तू न वापरलेली असावी, मूळ खोके व पावती सोबत असावी, या अटी रास्त ठरतात. पोहण्याचे कपडे, अंतर्वस्त्रे व मोजे परत न घेणे हेही आरोग्याच्या दृष्टीने समजण्याजोगे आहे. खेळाडूचे नाव व क्रमांक छापून घेतलेली जर्सी दुसऱ्या कोणास विकता येत नाही, त्यामुळे तिचा अपवादही योग्य म्हणावा लागेल.

दोषाची गोष्ट मात्र निराळी आहे. सदोष वस्तूबाबतचा हक्क कायद्यातून निर्माण होतो. दुकानाच्या मर्जीवर तो अवलंबून नसतो आणि पावतीवरील एखाद्या ओळीने तो नाहीसाही होत नाही.

कायद्याची चौकट

वस्तुविक्रीसंबंधीचा आपला मूळ कायदा १९३० सालचा आहे. त्याच्या कलम १६ मध्ये दोन महत्त्वाची तत्त्वे आढळतात. ग्राहकाने वस्तू कोणत्या कामासाठी हवी हे विक्रेत्यास सांगितले व त्याच्या जाणकारीवर विसंबून खरेदी केली, तर ती वस्तू त्या कामास योग्य असली पाहिजे, अशी गर्भित शर्त मानली जाते. ‘लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी बूट हवेत’ असे सांगून विक्रेत्याने सुचविलेला जोड घेणे हे याचे नेमके उदाहरण होय. दुसरे असे की, त्या प्रकारच्या मालाचा व्यवहार करणाऱ्या विक्रेत्याकडून वर्णनावरून घेतलेली वस्तू व्यापारयोग्य दर्जाची असली पाहिजे. खरेदीपूर्वी ग्राहकाने वस्तू तपासली असेल, तर त्या तपासणीत दिसावयास हवे होते अशा दोषांना ही दुसरी शर्त लागू होत नाही. बुटावरील ठळक डाग आणि तळाच्या आतील कच्चा गोंद यांत कायदा फरक करतो, तो याच आधारावर.

ग्राहक संरक्षण अधिनियम प्रथम १९८६ मध्ये आला. त्याची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून अंमलात आला. त्यातील कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या दिली आहे. सदोष वस्तू परत घेण्यास व तिची रक्कम परत करण्यास नकार देणे ही तेथे स्पष्टपणे अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. पावतीवर मुदत नमूद असल्यास त्या मुदतीत आणि ती नसल्यास तीस दिवसांत दिलेला नकार या व्याख्येत येतो. विक्रीनंतर बिल न देणे हीदेखील त्याच कलमान्वये अनुचित प्रथा आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावली जात असे. सदोष मालाच्या बाबतीत तिचा आधार आता उरलेला नाही.

येथे एक शंका उपस्थित होते. पावतीवर सात दिवस छापले असतील, तर आठव्या दिवशी ग्राहकाचा हक्क संपला काय? या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. सात दिवसांची मुदत इतकेच ठरविते की, कोणत्या काळातील नकार हा स्वतःच अनुचित व्यापारी प्रथा ठरेल. खरेदी केलेल्या वस्तूत दोष असणे हे कलम २(६) नुसार तक्रारीचे स्वतंत्र कारण आहे आणि कलम ६९ नुसार तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत ती दाखल करता येते. दोष सिद्ध झाल्यास दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे व नुकसानभरपाई देणे असे आदेश आयोग देऊ शकतो. पावतीवरील मुदत आणि कायद्यातील मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपर्युक्त विद्यार्थिनी बाराव्या दिवशी गेली होती. दुकानाची सवलत तोवर संपलेली होती, परंतु तिचा हक्क शाबूत होता.

‘सेलचा माल’ आणि ‘झीज’ हे दोन युक्तिवाद

क्रीडासाहित्याच्या बाबतीत नकारासाठी दोन कारणे वारंवार पुढे केली जातात. त्यांतील पहिले म्हणजे माल सेलमधील असणे. किंमत कमी केल्याने दोष खपवून घेण्याचा करार होत नाही. एखादा विशिष्ट दोष दाखवून व तो सांगून वस्तू स्वस्तात दिली असेल, तर त्या दोषाबद्दल पुढे तक्रार करता येणार नाही. परंतु केवळ हंगाम संपला म्हणून दर उतरविले असतील, तर दर्जाची अपेक्षा कायम राहते.

दुसरे कारण म्हणजे ‘ही वापरामुळे झालेली झीज आहे’. येथे पदार्थविज्ञानाची थोडी माहिती उपयोगी पडते. काही बुटांच्या तळात पॉलियुरेथेन नावाचा फेसासारखा पदार्थ असतो. हवेतील आर्द्रतेमुळे त्याचे हळूहळू जलविघटन होते व तो ठिसूळ होऊन चुरतो. ही क्रिया बूट न वापरता खोक्यात पडून असतानाही चालू राहते. मुंबईसारख्या दमट हवेच्या शहरात जुना साठा दीर्घकाळ गोदामात राहिला, तर बाहेरून नवा दिसणारा बूट आतून कमकुवत झालेला असू शकतो. सेलमध्ये जुना साठा येण्याची शक्यता अधिक असल्याने ही दोन्ही कारणे प्रत्यक्षात एकमेकांत गुंतलेली असतात. सर्वच बुटांत हा पदार्थ नसतो. अनेक धावण्याच्या बुटांत वापरला जाणारा इव्हीए हा फेस अशा प्रकारे विघटित होत नाही, तेथे बहुधा गोंद सुटतो. खोक्यावर उत्पादनाचा महिना व वर्ष छापलेले असते. किमतीबरोबर तेही वाचण्याची सवय ग्राहकाने लावून घ्यावी.

झीज की दोष हा वाद अनुमानाने मिटविण्याची गरज नाही. योग्य परीक्षणावाचून दोष ठरविता येत नसेल, तर वस्तूचा नमुना प्रयोगशाळेत पाठविण्याची तरतूद कलम ३८ मध्ये आहे. अर्थात, त्यासाठी वस्तू जपून ठेवलेली असली पाहिजे. आमच्या विद्यार्थिनीने स्पर्धेनंतर ते बूट भंगारात देऊन टाकले होते. हक्क शाबूत असूनही पुरावा हातून गेला.

रक्कम, क्रेडिट नोट आणि शाखा

दोष मान्य केल्यावरही अनेक दुकाने रोख परतावा न देता क्रेडिट नोट देऊ करतात. मनपरिवर्तनाच्या प्रसंगी हे दुकानाच्या सवलतीचा भाग म्हणून मान्य करावे लागते. सदोष वस्तूच्या बाबतीत मात्र अधिनियमाची भाषा मोबदला परत करण्याची आहे. तेव्हा क्रेडिट नोट स्वीकारावी की नाही, हे ग्राहकाने ठरवावयाचे आहे.

मालाडला घेतलेली वस्तू बोरिवलीच्या दालनात का बदलून मिळत नाही, असाही प्रश्न विचारला जातो. एकाच नाममुद्रेची काही दालने कंपनीची, तर काही फ्रँचायझीची असतात. पावतीवर ज्या संस्थेचे नाव व जीएसटी क्रमांक आहे, तीच कायद्याच्या दृष्टीने विक्रेता असते. तक्रारीत तिचे नाव प्रथम यावयास हवे. दोष निर्मितीतील असेल तर उत्पादकासही सोबत पक्षकार करता येते.

ऑनलाइन खरेदी आणि अन्य देशांतील स्थिती

ऑनलाइन खरेदीत वस्तू हाताळून पाहता येत नाही. त्यामुळे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सदोष, बनावट, जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारी किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आलेली वस्तू परत घेण्यास विक्रेत्यास नकार देता येत नाही. विलंब अपरिहार्य आपत्तीमुळे झाला असल्यास मात्र अपवाद आहे. परतावा व बदल यांविषयीची माहिती ग्राहकास आधी दिली पाहिजे, असेही बंधन आहे. तथापि, मनपरिवर्तनाचा हक्क या नियमांनीही दिलेला नाही.

युरोपीय संघात २०११ च्या निर्देशानुसार ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत कारण न देता रद्द करता येते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष वस्तू सामान्यतः तीस दिवसांत नाकारून पूर्ण रक्कम मागण्याचा हक्क दिला आहे. सवलत व हक्क यांतील भेद तेथील कायद्यांतही दिसतो, मात्र हक्काची कक्षा आपल्यापेक्षा विस्तृत आहे.

दाद कोठे मागावी

प्रथम विक्रेत्यास लेखी कळवावे. तोंडी बोलण्याचा पुरावा राहत नाही. पत्रात खरेदीचा दिनांक, दोषाचे वर्णन व अपेक्षित उपाय हे तीन मुद्दे पुरेसे आहेत, सोबत छायाचित्रे जोडावीत. उत्तर न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तरीही प्रश्न न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे.

मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १९९० मध्ये अस्तित्वात आला. त्याचा जिल्हा ग्राहक आयोग वांद्रे (पूर्व) येथे आहे. २०१९ च्या अधिनियमाने तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे मुलुंड किंवा बोरिवलीच्या रहिवाशाने खरेदी अन्य शहरातील विक्रेत्याकडून केली असली, तरी त्यास वांद्र्यास दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीस शुल्क नाही आणि वकील नेमणे अनिवार्य नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचे कार्यालयही विलेपार्ले येथे, म्हणजे याच उपनगरांत आहे.

ग्राहकाचे उत्तरदायित्व

या विवेचनाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. टॅग आत खोचून क्रीडादिनी ट्रॅकसूट वापरावयाचा व दुसऱ्या दिवशी ‘माप बसत नाही’ म्हणून परत करावयाचा, असे प्रकार विद्यार्थ्यांत घडतात व ते चातुर्य म्हणून सांगितलेही जातात. यातून दुकाने नियम अधिक कडक करतात आणि त्याचा भार खरोखर माप चुकलेल्या प्रामाणिक ग्राहकावर पडतो. सवलतीचा गैरवापर करणारा ग्राहक इतरांची सवलत कमी करीत असतो, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविले पाहिजे.

समारोप

परतीचा नियम वाचताना ग्राहकाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : माझे मन बदलले आहे, की वस्तू बिघडलेली आहे? मन बदलले असेल तर पावतीवरील अटी निर्णायक आहेत आणि त्या खरेदीपूर्वीच वाचावयास हव्यात. वस्तू सदोष असेल तर त्या अटींच्या पलीकडे कायदा उभा आहे. जिमखाना समितीने संघासाठी एकत्रित खरेदी करताना परत व बदल यांच्या अटी खरेदीच्या आदेशपत्रातच लिहून घ्याव्यात, म्हणजे पुढील वाद टळतील. ग्राहक संरक्षणाचा विषय वाणिज्य शाखेच्या वर्गात कलमांच्या रूपाने शिकविला जातो. त्याच तासाला विद्यार्थ्यांनी आपल्या खिशातील एक पावती काढून तिच्या मागील ओळी वाचल्या व त्यांतील सवलत कोणती आणि हक्क कोणता हे वेगळे करून दाखविले, तर ती कलमे त्यांच्या व्यवहारात उतरतील. वस्तू, पावती व खोके जपून ठेवण्याचे महत्त्वही त्यांना त्याच वेळी पटेल.