दस्तकाशिवाय चहा नाही!

मराठी घरात 'चाचा' या शब्दानं मोठी पंचाईत होते. मुलांना चाचा नेहरू ठाऊक असतात, चाचा चौधरी ठाऊक असतो. पण समुद्रावर जहाजं लुटणाऱ्यालाही मराठीत चाचाच म्हणतात हे सांगितलं की ती आपल्याकडे संशयानं बघतात. "म्हणजे काकाच ना?" असं आमच्या धाकटीनं विचारलं, तेव्हा समोर अप्पा बसले होते. एका डोळ्यावर प्लास्टिकची वाटी, चिकटपट्टीनं कपाळाला आणि गालाला चिकटवलेली.

अप्पा म्हणजे माझे सासरे. राहणार अलिबाग, तूर्त मुक्काम डोंबिवली, निमित्त मोतीबिंदू. शुक्रवारी ऑपरेशन छान झालं. प्रश्न डोळ्याचा नव्हता, अप्पांचा होता. मान खाली घालायची नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, जड उचलायचं नाही आणि दिवसातून सहा वेळा डोळ्यात थेंब. सासूबाई गेल्यापासून चार वर्षं आपला भात आपण शिजवून खाणारा माणूस. स्वतः थेंब घालावेत तर हात थरथरतो आणि सुनेनं पापणी ओढून औषध घालावं, हे त्यांना मुळीच रुचत नव्हतं. "राहू दे गं, मग बघू," असं म्हणत शनिवारचे दोन थेंब त्यांनी चुकवले. संध्याकाळी तर "मला घरी पोचवा" असं सुरू झालं.

रविवारी सकाळी मी पोह्यांचा कांदा चिरत होते. धाकटीनं दादाचा काळा मोजा कापून पट्टी केली, डोळ्यावर बांधली आणि जाहीर केलं, की आज या घरात प्रत्येकाला एकच डोळा! दहा मिनिटांत थोरला, त्यांचे बाबा आणि हात पुसत पुसत मीसुद्धा, सगळे एकाक्ष झालो. दिवाणाचं जहाज झालं, लाडवांचा डबा खजिना झाला आणि हॉल ते स्वयंपाकघर हा सारा भाग समुद्र ठरला. थोरला बारा वर्षांचा, म्हणजे सर्वज्ञ. खांद्यावर पोपट हवा, फुली मारलेला नकाशा हवा, असं तो सांगू लागला. (ही सामग्री जगभरच्या मुलांना पुरवली ती स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'नं. ते पुस्तक १८८३ सालचं.) पोपट काही मिळाला नाही. कपड्यांच्या चिमट्यावर भागवलं.

अप्पा वर्तमानपत्राची घडी मांडीवर घेऊन गप्प बसले होते. वाचायचं नाही, तरी घडी हवी. धाकटी लाटणं घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. "खंडणी द्या, नाहीतर समुद्रात फेकून देईन!"

"अलिबागच्या माणसाकडे खंडणी मागतेस?" अप्पा दोन दिवसांत पहिल्यांदा सरळ बसले. "आमच्या समुद्रात खंडणी नसते. दस्तक असतं."

आणि मग कान्होजी आंग्रे आमच्या हॉलमध्ये आले. कुलाबा किल्ल्यावरून कोकणचा किनारा राखणारे, छत्रपतींच्या आरमाराचे सरखेल. त्यांच्या समुद्रातून माल न्यायचा तर रक्कम भरून परवाना घ्यायचा, तो परवाना म्हणजे दस्तक. दस्तक नसेल तर जहाज पकडलं जाई. ही युक्ती काही कान्होजींनी शोधली नव्हती. पोर्तुगीज आधीपासून असेच परवाने विकत होते, त्याला ते कार्ताझ म्हणत. इंग्रजांना मात्र कान्होजींचा हा अधिकारच मान्य नव्हता. १७१८ मध्ये त्यांनी खांदेरीवर हल्ला केला, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर चाल केली, आणि दोन्ही वेळा हात हलवत परत गेले. पुढे १७३७ साली लंडनला एक पुस्तक निघालं, त्याच्या नावातच आंग्र्यांना चाचा म्हटलेलं आहे.

"मग ते चाचाच होते ना?" धाकटीनं विचारलं.

"नव्हते."

"पण पैसे दिले नाहीत तर जहाज पकडायचे?"

"पकडायचे."

"आणि पोर्तुगीज?"

"तेही पकडायचे."

"मग ते चाचे का नाहीत?"

अप्पांनी वाटीवरची चिकटपट्टी उगाच चाचपली. "पुस्तकं त्यांनी छापली, बाळा."

मला हे उत्तर आवडलं, पण पुरेसं वाटलं नाही. इंग्रज व्यापाऱ्यांची जहाजं आंग्र्यांनी धरली, माल ठेवून घेतला, हे खरंच आहे. आपलं माणूस म्हणून ते झाकायचं कारण नाही. पण मग दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडायला हवा. १६९५ मध्ये मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं 'गंज-इ-सवाई' हे जहाज लुटलं, यात्रेकरूंचे अनन्वित हाल केले, तो हेन्री एव्हरी इंग्रज होता आणि शेवटपर्यंत सापडला नाही. आपल्याच किनाऱ्याजवळ लूट करणारा कॅप्टन किड १७०१ मध्ये लंडनला फासावर गेला. म्हणजे चाचे होते, पण त्यांचा पत्ता अलिबागचा नव्हता! आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाला आंग्र्यांचं नाव आहे आणि २०२५ मध्ये खांदेरी जागतिक वारशाच्या यादीत गेली. मुलांच्या हातातल्या रंगीत पुस्तकांतला चाचा मात्र अजूनही पोपटवालाच आहे.

असो. त्यानंतर घरातला कारभार बदलला. अप्पा सांगत, थोरला जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेई. मासळी आणायला निघालेल्या यांना दस्तक मिळालं: "बांगडे सहा, कोळंबी पाव किलो, परतीस उशीर केल्यास गलबत जप्त." मला स्वयंपाकघराचं कायम दस्तक. वॉशिंग मशीनपाशी जायलाही परवाना लागला. दस्तकाशिवाय आलेला माझा चहा धाकटीनं पकडला आणि तो अप्पांनी जप्त करून पिऊन टाकला.

थेंबांची युक्ती मला तेव्हाच सुचली. म्हटलं, "सरखेल, जहाजावर पहारा बदलतो ना? दर पहाऱ्याला टेहळणीचा डोळा साफ करावा लागतो."

त्यांना युक्ती कळली नाही असं मुळीच नाही. उभं आयुष्य शाळेत मास्तरकी केलेला माणूस तो. माझ्याकडे एका डोळ्यानं रोखून पाहिलं, वाटी काढू दिली आणि मान मागे टेकवली. धाकटी भिंतीवरच्या यादीत फुली मारायला तयार होतीच.

दुपारी त्यांनी तिला सरखेल व्हायला सांगितलं. तिनं साफ नकार दिला. सरखेलाला हिशेब लिहावे लागतात, चाच्याला लागत नाहीत, असं तिचं म्हणणं. अप्पा इतके हसले, की डोळ्याला ताण येईल म्हणून मलाच त्यांना आवरावं लागलं.

रात्री दिवाणावर, म्हणजे जहाजावर, दोन्ही मुलं आडवीतिडवी झोपली होती. मी बांगड्यांचं कालवण फ्रिजमध्ये ठेवत होते. यादीत पाच फुल्या झाल्या होत्या, सहावी राहिली होती. तेवढ्यात आतून आवाज आला, "सूनबाई, दहाचा पहारा झाला की गं!"

मी हात धुवायला लागले.