बहिर्गामी रांगेची व्यवस्था : पारोळ्याच्या एका संभाषणाच्या निमित्ताने

प्रमाण मराठीतील 'काळा' हा शब्द पारोळ्याच्या अहिराणीत 'काया' होतो, 'डोळा' हा 'डोया' होतो. हे वैशिष्ट्य वाचकांस परिचित आहेच. परंतु प्रमाण मराठीच्या सहवासात आलेला वक्ता कोठे 'य' राखतो व कोठे 'ळ'कडे वळतो, हा प्रश्न अजून अभ्यासाचा आहे आणि त्याचा निर्णय कानानेच करावा लागतो. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्यात खानदेशीचे नमुने आहेत, पण ते लिहिलेले. आज विभागात बसून पारोळ्यातील वक्त्याशी प्रत्यक्ष बोलता येते.

अशाच एका संभाषणात एका आजींच्या तोंडून सहज आलेल्या शब्दातील नेमके मधले व्यंजन तुटले. त्यांना तो शब्द पुन्हा उच्चारण्याची विनंती करताच त्यांनी तो सावकाश, जपून, शाळेत धडा वाचावा तसा उच्चारला. सहज उच्चाराचा पुरावा तेथेच नाहीसा झाला. पुढे चौकशी करता असे आढळले की, त्याच वेळी त्याच जोडणीवरून आमचा एक विद्यार्थी आदल्या दिवशीची ध्वनिमुद्रणे विभागाकडे पाठवीत होता. दोष जोडणीच्या क्षमतेचा नव्हता, क्रमाचा होता. हे कसे, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

जाळ्यावरून जाणारा प्रत्येक मजकूर लहान लहान पॅकेटांत विभागला जातो. घरातील सर्व यंत्रांची पॅकेटे राउटरपाशी येतात व तेथून एकाच वाटेने बाहेर पडतात. येणारी पॅकेटे जाणाऱ्यांहून अधिक झाली की रांग लागते. वेगळी आज्ञा नसेल, तर जो आधी आला तो आधी जातो.

आता थोडे गणित करू. दूरध्वनीच्या जी.७११ या पद्धतीत आवाजाचे दर २० मिलिसेकंदांचे एक पॅकेट होते. त्यात ध्वनीचे १६० बाइट व पत्त्यादी माहितीचे ४० बाइट असतात. सेकंदाला अशी ५० पॅकेटे, म्हणजे ८० किलोबिट. बाहेर जाणारी क्षमता सेकंदाला २ मेगाबिट धरली, तर आवाजास तिचा अवघा ४ टक्के भाग पुरतो. परंतु ध्वनिमुद्रणे पाठविणारा संगणक मिळेल तेवढी वाट व्यापतो. जोडणीच्या मोडेममध्ये २५० किलोबाइटांचा साठा भरून राहिला असेल, तर तो रिता होण्यास पूर्ण एक सेकंद लागतो, आणि मागून आलेल्या आवाजाच्या पॅकेटास तेवढा वेळ थांबावे लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस मात्र एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असे सांगते.

येथे दोन प्रकारच्या मजकुरांचा स्वभावभेद ध्यानात घ्यावा. ध्वनिमुद्रणाची फाइल दहा मिनिटे उशिरा पोहोचली तरी तिचे मूल्य कमी होत नाही. वाटेत पॅकेट हरवले तर ते पुन्हा पाठविले जाते. चालू संभाषणात मात्र उशिरा आलेले पॅकेट निरुपयोगी ठरते व टाकून दिले जाते. २० मिलिसेकंदांचा एक तुकडा गेला, तर 'प'सारख्या अल्पप्राण स्पर्शाचा स्फोट त्याबरोबर जाऊ शकतो. 'ळ'मधील जिभेचा स्पर्शही असाच क्षणिक.

तेव्हा उपाय रांगेत क्रम लावण्याचा. सिस्को कंपनीच्या राउटरांवर त्याची आज्ञा तीन पायऱ्यांनी दिली जाते. 'क्लास-मॅप'ने पॅकेटांचे वर्ग ठरवावयाचे. 'पॉलिसी-मॅप'ने प्रत्येक वर्गास कोणती वागणूक द्यावयाची ते सांगावयाचे. आणि 'सर्व्हिस-पॉलिसी आउटपुट' या आज्ञेने ते धोरण बाहेर जाणाऱ्या मुखाशी जोडावयाचे. वर्गाची खूण पॅकेटाच्या शीर्षभागातील सहा बिटांत असते. १९९८ साली निश्चित झालेल्या या पद्धतीत ६४ मूल्ये शक्य आहेत. आवाजासाठी ४६ हे मूल्य रूढ आहे.

धोरण बाहेर जाणाऱ्या मुखाशीच का जोडावे? कारण क्रम लावता येतो तो आपल्या ताब्यातील रांगेला. आत येणारी पॅकेटे आपल्यापाशी पोहोचतात तेव्हा त्यांची रांग पलीकडच्या टोकाला लागून गेलेली असते. हेच तत्त्व आणखी एक पाऊल पुढे न्यावे लागते. रांग मोडेममध्ये लागत असेल, तर राउटरवरील धोरण कितीही निर्दोष असले तरी निष्फळ ठरते. म्हणून राउटरचा बाहेर सोडण्याचा वेग खऱ्या क्षमतेहून किंचित कमी, २ मेगाबिटांऐवजी समजा १.८, असा बांधून द्यावा. मग मोडेम रिता राहतो व रांग राउटरमध्ये येते. तेथे आवाजाचे पॅकेट पुढे जाते. फार तर चालू असलेले १५०० बाइटांचे पॅकेट संपेपर्यंत, म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद, त्यास थांबावे लागते.

दोन मर्यादा सांगणे अवश्य आहे. एक, अग्रक्रमास कमाल हिस्सा ठरवून द्यावा. अन्यथा अग्रक्रमाचा वर्गच सर्व वाट व्यापून इतरांस अडवील. दुसरी, आपली खूण आपल्या दारापर्यंतच निश्चितपणे मानली जाते. पुढील जाळी ती मानतीलच असे नाही. शिवाय कोणतेही धोरण क्षमता वाढवीत नाही. कोणी थांबावे एवढेच ते ठरविते. म्हणून वक्त्यापाशी स्वतंत्र ध्वनिमुद्रण करण्याची शिस्त विद्यार्थ्यांनी सोडू नये.

तथापि कोणी थांबावे हा निर्णय गौण नव्हे. तो आपण घेतला नाही, तर यंत्र आगमनाच्या क्रमाने तो घेते, आणि फाइल व माणूस यांत त्यास भेद दिसत नाही. क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्याने ध्वनिग्राहकाची परीक्षा करावी, तशीच बाहेर जाणाऱ्या रांगेचीही करावी. फाइल उद्याही पाठविता येते. आजींचा सहज उच्चार मात्र दुसऱ्यांदा मिळत नाही.