जुन्या मोटारीचे पाणी का सांडते?

इंग्लंडमधील ॲबिंग्डन या गावी १९६२ ते १९८० या काळात 'एमजीबी' नावाची स्पोर्ट्स कार तयार होत असे. दोघांना बसण्यापुरती जागा, लांब नाक आणि उघडता येणारे छप्पर, असे तिचे रूप होते. तिचे सर्व प्रकार मिळून पाच लाखांहून अधिक मोटारी बनल्या. हौशी लोक त्या आजही चालवतात. तिचे इंजिन १७९८ घनसेंटिमीटरचे होते. आपल्याकडील ॲम्बॅसडर मोटारीत अनेक वर्षे वापरलेले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन याच घराण्यातले.

या मोटारीची एक नेहमीची तक्रार आहे. उन्हाळ्यात लांब फेरी मारून मोटार थांबवली, की थोड्या वेळाने तिच्याखाली पाण्याचे थारोळे दिसते. मालक घाबरतो आणि नवा रेडिएटर आणायला निघतो. पण पाणी सांडणे म्हणजे प्रत्येक वेळी बिघाड नव्हे.

इंजिन थंड राखण्यासाठी त्याच्याभोवती पाणी फिरवलेले असते. या पाण्यात गोठू नये म्हणून आणि गंज चढू नये म्हणून एक द्रव मिसळतात. त्या मिश्रणाला कूलंट म्हणतात. एमजीबीमध्ये ते सुमारे साडेपाच लीटर मावते. तापल्यावर पाणी प्रसरण पावते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. २० अंश सेल्सिअसपासून ९० अंशांपर्यंत तापलेले साडेपाच लीटर पाणी जवळजवळ एक पेलाभर वाढते. हे वाढलेले पाणी जाणार कोठे? आजच्या मोटारींत त्यासाठी वेगळी टाकी असते. आरंभीच्या एमजीबीत ती नव्हती. जादा पाणी एका बारीक नळीतून सरळ रस्त्यावर पडे. म्हणून रेडिएटर काठोकाठ भरणाऱ्याचे पाणी सांडणारच! तो पुन्हा भरतो, ते पुन्हा सांडते. पाण्याची पातळी तोंडापासून सुमारे एक इंच खाली ठेवली, तर पुष्कळदा तक्रार तेथेच मिटते.

पातळी बरोबर असूनही पाणी येत असेल, तर झाकण पाहावे. हे झाकण साधे नसते. त्यात एक स्प्रिंग असते, ती पाणी दाबून धरते. दाब वाढला, की पाणी उशिरा उकळते. घरातल्या प्रेशर कुकरचे तत्त्व हेच. दर चौरस इंचाला १० पौंड जादा दाब असेल, तर पाणी १०० ऐवजी सुमारे ११५ अंशांना उकळते. स्प्रिंग सैल झाली किंवा रबरी चकती फाटली, की दाब टिकत नाही, आणि पाणी लवकर उकळून बाहेर येते. झाकण स्वस्त असते, म्हणून आधी तेच बदलावे. मात्र ते आपल्याच मोटारीसाठी ठरवलेल्या दाबाचे असावे. जास्त दाबाचे झाकण लावून जुन्या नळ्या फोडून घेण्यात शहाणपणा नाही.

मोटार थांबल्यावरच पाणी का येते, हेही समजून घ्या. इंजिन बंद झाले, की पाणी फिरवणारा पंप थांबतो, जुन्या एमजीबीत पंखाही त्याच्याबरोबर थांबतो. लोखंड मात्र तापलेलेच असते. त्यामुळे पाण्याचे तापमान काही मिनिटे आणखी चढते.

सांडलेले पाणी वाया जाऊ नये, म्हणून पुष्कळ जण त्या नळीला एक बाटली जोडतात. इंजिन थंड होताना रेडिएटरमधला दाब कमी होतो आणि बाटलीतले पाणी परत ओढले जाते. यासाठी नळीचे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडालेले हवे. शिवाय झाकणाच्या वरच्या कडेलाही रबरी चकती असलेले झाकण हवे. नाहीतर पाण्याऐवजी हवाच आत शिरते. बाटली लावूनही उपयोग झाला नाही, असे म्हणणाऱ्यांनी ही चकती पाहावी.

आता एक इशारा. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. दाब सुटताच शंभर अंशांवरचे पाणी एकदम वाफ होऊन उसळते. मराठीत वाफ म्हणा की उर्दूत भाप, हात आणि चेहरा ती सारखाच भाजते. रेडिएटर हाताला गार लागेपर्यंत थांबावे. कूलंटमधील ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड लागते. म्हणून ते लहान मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवावे.

कधी कधी बिघाड खरोखर मोठा असतो. थंड इंजिन झाकण काढून सुरू केले आणि पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट फाटल्याची शंका घ्यावी. जळलेला वायू पाण्यात शिरून ते बाहेर ढकलत असतो. तेव्हा झाकण किंवा बाटली यांवर पैसे घालवू नयेत. अशी मोटार तशीच चालवली, तर हेड वाकते. मिस्त्री हेड उतरवतो, पोलादी पट्टी ठेवून ते सपाट आहे का पाहतो, नवे गॅस्केट बसवतो आणि नट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या जोराने आवळतो.