मुलाला 'ओटी' सांगितली आहे? आधी हे तपासा

आमच्या शाळेतील तिसरीच्या एका मुलाची अम्मी एके दिवशी घाबरून भेटायला आली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'ओटी' लिहिले होते आणि घरच्यांनी त्याचा अर्थ ऑपरेशन थिएटर असा लावला होता. खरे तर डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार सांगितला होता. मराठी नावानेही घोटाळा होतोच. व्यवसाय म्हटले की लोकांना धंदा आठवतो.

इथे व्यवसाय म्हणजे माणसाची रोजची कामे. मुलाने पेन्सिल धरणे, बटण लावणे, वर्गात एका जागी बसणे. लकवा मारलेल्या अब्बांनी स्वतःच्या हाताने घास घेणे, वुजू करणे, खुर्चीवर बसून का होईना नमाज अदा करणे. फिजिओथेरपीचा भर सांधे, स्नायू आणि चालण्या-फिरण्यावर असतो. व्यवसायोपचारात ती ताकद रोजच्या कामात कशी वापरायची ते शिकवतात. अनेकांना दोन्हींची गरज पडते.

आपल्या राज्यात ही विद्या नवी नाही. कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात याचे शिक्षण सुरू केले. पण शिकलेली माणसे मोठ्या शहरांतच जास्त. मराठवाड्यात ती कमी, म्हणून फसवणुकीला वाव मिळतो. वर सांगितलेल्या कुटुंबाने एका 'थेरपी सेंटर'मध्ये तीन महिने पैसे भरले. तिथे फक्त मालिश आणि मशीन. पदवी विचारली तर काही दिवसांच्या कोर्सचे सर्टिफिकेट दाखवले. पैसे गेलेच, पण मुलाचे तीन महिने गेले याचे दुःख मोठे.

म्हणून पहिल्याच भेटीत तीन गोष्टी बघा.

1. पदवी : बी.ओ.टीएच. किंवा एम.ओ.टीएच. हवी. बी.पी.टीएच. ही फिजिओथेरपीची पदवी आहे.

2. नोंदणी : 2002 च्या कायद्याने महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे. तिचा नोंदणी क्रमांक मागा, मुदत संपली नाही ना ते पाहा. लक्षात ठेवा, फिजिओथेरपिस्टची नोंदणीही याच परिषदेत होते. त्यामुळे नुसता क्रमांक पुरेसा नाही, पदवीही वाचा. शंका वाटल्यास परिषदेकडे विचारणा करता येते.

3. पद्धत : आधी तपासणी, मग लेखी उद्दिष्ट. 'दोन महिन्यांत चमचा धरेल' असे ठरवून काम व्हावे. 'शंभर टक्के बरा करू' म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

हे विचारताना संकोच करू नका. खरा थेरपिस्ट रागावत नाही, कागद समोर ठेवतो.

शोध सरकारी दवाखान्यापासून सुरू करा. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. तिथे बालरोग किंवा अस्थिरोग विभागात दाखवून 'व्यवसायोपचार कुठे मिळेल' असे स्पष्ट विचारा. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. शाळा-अंगणवाडीत येणारे त्याचे पथक मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. अपंगत्व असेल तर समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांची माहिती मुख्याध्यापकांकडून घ्या.

खर्चाचेही पाहू. अपंगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून ठेवा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टची 'निरामय' विमा योजना आहे. तिचे संरक्षण वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत असून त्यात थेरपीचाही समावेश आहे. अर्ज करताना सध्याचे नियम विचारून घ्या.

देगलूर, किनवट, उदगीर, निलंगा इथून दर आठवड्याला ये-जा करणे प्रत्येकाला जमत नाही. मग थेरपिस्टला सांगा, 'आम्हाला घरी करायचे शिकवा.' घरी कोणती कामे, किती वेळ, कशी करून घ्यायची ते लिहून घ्या किंवा परवानगीने मोबाईलवर शूट करा. महिन्यातून एक भेट आणि घरी रोजचा सराव, एवढ्यानेही फरक पडतो. घरात उर्दू-दखनी बोलत असाल तर तसे सांगा, मुलाला सूचना घरच्या बोलीतच मिळू द्या. मोठ्या मुलीसाठी किंवा अम्मीसाठी महिला थेरपिस्ट हवी असेल तर आधीच विचारा. नसेल तर घरातले कुणीतरी सोबत बसेल, हे ठरवून घ्या.

दुआ आपण करतोच, ती करत राहू. इलाज करणे हीसुद्धा सुन्नत आहे. मोहल्ल्यात जकात-सदका वाटताना अशा गरजू मुलाच्या बसभाड्याचाही विचार व्हावा. आणि एखादे मूल लिहायचा कंटाळा करते म्हणून त्याला आळशी ठरवण्याआधी, आम्ही शिक्षकांनी आणि तुम्ही पालकांनी, एकदा त्याच्या बोटांकडे नीट पाहावे.