बिबे फोडताय? आधी हे वाचा
बिबा आंबा-काजूच्याच कुळातला. आतली गोडंबी खायची, पण टरफलातलं तेल जहाल. पूर्वी धोबी याच तेलाने कपड्यावर खूण करायचे, ती धुऊनही जात नसे. कातडीलाही ते तसंच चिकटतं. फोड मात्र काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी येतात. म्हणून 'मला काही होत नाही' म्हणत उघड्या हाताने फोडू नका.

▪ जाड रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यांना चष्मा. कापडी मोजे तेल शोषतात. हाताला नुसती राख किंवा गोडेतेल लावणं पुरेसं नाही.
▪ त्या हाताने डोळे, तोंड पुसू नका. लेकरांना जवळ बसवू नका.
▪ टरफलं चुलीत घालू नका, धूरही बाधतो.
▪ कामाचे कपडे वेगळे धुवा.

तेल लागलं तर लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. फोड फोडू नका. डोळ्यात तेल गेलं, चेहरा सुजला किंवा दम लागला तर थेट दवाखाना गाठा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी