मशीन दुसऱ्याचं, नजर आपली

वरळी कोळीवाड्यातल्या कित्येक मावश्या पहाटे ससून डॉकला लिलावात मासळी घेतात. ट्रॉलर त्यांचा नसतो. कमाई होते ती पारखीवर.

आता लिबी हिनी पाहा. या ब्रिटिश बाई क्वांटम भौतिकशास्त्रात पीएचडी करून कलेकडे वळल्या. स्वतः क्वांटम कोड लिहून आपली जलरंग चित्रं हलती करतात. २०२२ मध्ये बर्लिनला दाखवलेल्या ‘एन्ट-’मध्ये चित्रविचित्र जीव एकमेकांत विरघळत जातात. एवढं करायला घरात क्वांटम मशीन लागत नाही.

आयबीएमने २०१६ मध्येच पाच क्युबिटचं मशीन इंटरनेटवर खुलं केलं. क्युबिट म्हणजे शून्य आणि एक दोन्ही मिसळून ठेवणारा घटक. त्यांचं क्विस्किट सॉफ्टवेअर मोफत आहे. जेम्स वूटन यांच्या ‘क्वांटम ब्लर’मध्ये फोटोतल्या ठिपक्यांचा उजेड क्युबिटमध्ये भरतात, क्युबिट जरा फिरवतात, की होडीचा फोटो पाण्यातल्या सावलीसारखा फुटतो. छोट्या फोटोला साधा लॅपटॉपही पुरतो बरं का! म्हणून कर्ज काढून महागडा कॉम्प्युटर घ्यायची घाई नको.

नारळी पौर्णिमेच्या बॅनरसाठी एक नमुना करा, दोन मंडळांना दाखवा. ‘क्वांटम’ शब्दाला कुणी पैसे देणार नाही. ते विचारतील, प्रिंट केवढ्याला?