लहान कंपनीच्या बेतांत ‘इतर हक्कां’चा रकाना

सातबाराच्या उताऱ्यांत ‘इतर हक्क’ या नांवाचा रकाना असतो. महसुली दप्तरांत आमचीं बरीच वर्षें गेलीं, त्यावरून त्याचें मोल आम्हांस ठाऊक आहे. जमीन आपली, कसणारेहि आपणच. तरी तीवर दुसऱ्याचा काय बोजा आहे, हें तेथें कळतें. शेतकऱ्यांच्या लहान कंपन्यांनीं वर्षाचा बेत आंखतांना असाच रकाना ठेवावा, अशी आमची सूचना आहे.

सन २००२ च्या दुरुस्तीनें कंपनी कायद्यांत उत्पादक कंपनीची सोय झाली आणि ठिकठिकाणीं शेतकऱ्यांनीं भागभांडवल जमवून अशा कंपन्या काढल्या. चाळ, वखार, वाहन व कर्ज यांचा हिशोब त्यांच्या बेतांत असतो. उणीव राहते ती बाहेरील गोष्टींची.

कांद्याचेंच पाहा. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं निर्यातीवर शेंकडा ४० कर बसला. ऑक्टोबरअखेर टनास किमान ८०० डॉलर भावाची अट आली. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ रोजीं ती खुली झाली, पण तीवर कर होता. सप्टेंबरांत तो २० वर आला व १ एप्रिल २०२५ रोजीं उठला. वीस महिन्यांत सहा फेरबदल! त्यांतून डिसेंबरांतला लाल कांदा उन्हाळी कांद्यासारखा चाळींत महिनोन्‌महिने टिकत नाहीं. केवळ निर्यातीच्या भरंवशावर खरेदीचे सौदे करणाऱ्या कंपनीचें भांडवल अशा वेळीं बुडूं शकतें. आणि तें भांडवल सभासदांच्या घामाचें असतें.

यास्तव दिल्लीचा हुकूम, परदेशचा आयात परवाना, जहाजाचें भाडें, अवकाळी पाऊस असा एकेक बोजा नोंदवावा. त्यापुढें लिहावें : निर्णय कोणाच्या हातीं, तो आपणांस केव्हां कळणार, आणि कळल्यावर माल कोठें वळविणार? सगळा माल एकाच बाजारास बांधूं नये. नव्या वखारीचें कर्ज तेजीच्या भावावर धरूं नये. राखीव निधि ठेवणें कायद्यानेंच भाग आहे. तो नांवापुरता नसावा.

बोजा नोंदविल्यानें तो फिटत नाहीं, हें खरें. परंतु उतारा वाचून जमीन घेणारा सहसा फसत नाहीं. येत्या वार्षिक सभेंत प्रत्येक सभासदानें हा रकाना पाहावयास मागावा.